मळक्या पुस्तकाला टॉवेल-टोपी

बिराजदार सर पुस्तक आधी हुंगायचे आणि मग उघडायचे. आंबा घेताना आपण देठापाशी नाक नेतो, तसं ते बांधणीच्या खाचेत नाक खुपसत, डोळे मिटत आणि निकाल देत, "चिवडा. पातळ पोह्यांचा. कढीपत्ता जादा." पुस्तक परत करायला आलेली पोरगी पांढरीफटक पडायची. तिला वाटायचं, आता दंड. सर पुस्तकाच्या पाठीवर थाप मारायचे. "शाब्बास! वाचलेलं दिसतंय!"

सोलापुरातल्या आमच्या हायस्कूलचे ते ग्रंथपाल. मी तिथे गणित शिकवतो आणि माझा नववीचा वर्ग ग्रंथालयाला लागूनच आहे, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य मी भिंतीतून ऐकलेलं आहे. उंच, काटकुळा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोटांना कायम मैद्याची खळ चिकटलेली, त्यामुळे त्यांच्याशी हात मिळवला की सोडवायला जरा वेळ लागे. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं. घरी कन्नड, शाळेत मराठी, शिपाई महिबूबमामांशी दखनी. भांडण रंगात आलं की तिन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या, आणि समोरच्याला नेमकी कोणत्या भाषेत शिवी बसली हे कळेपर्यंत सर चहाला निघून गेलेले असत.

जगभरचे ग्रंथपाल पुस्तकं स्वच्छ राहावीत म्हणून झटतात. आमच्या ग्रंथपालांना स्वच्छ पुस्तकाचा संताप येई. "कोरं पुस्तक म्हणजे लग्नात उरलेला भात," ते म्हणायचे. "चांगला का दिसतोय? कुणी हात लावला नाही म्हणून!" त्यांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात भेट आलेली, सोनेरी अक्षरांची, कधीच न उघडलेली पुस्तकं होती. सगळ्यात वरच्या दोन कप्प्यांत एकाच पुस्तकाच्या प्रती खच्चून भरलेल्या होत्या. 'काळजाच्या कडेकपारी', कवी आमच्या संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब. सर त्या कपाटासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत. उधारी मागणारा दुकानदार दिसल्यावर माणूस रस्ता ओलांडतो ना, अगदी तसं.

एकदा पाचवीतल्या एका पोराची आई आली. पदराखालून तिने पुस्तक असं काढलं, जणू पोलिसात मुद्देमाल जमा करायचाय. भुताच्या गोष्टींचं पुस्तक. मधली पानं एकमेकांना चिकटून पापड झालेली.

"सर, माफ करा. पोरानं जेवताना आमटी सांडली. लई मारलं मी त्याला."

सरांनी नाक नेलं. "शेंगाची आमटी?"

"व्हय."

"लसूण पुढं आहे. बरोबर की नाही?"

"व्हय सर." बाई आता रडायच्या बेतात.

सरांनी हलक्या हाताने पानं सोडवली, वाचली आणि टेबलावर असा हात आपटला की पलीकडे माझ्या वर्गातला एक जण दचकून पायथागोरस विसरला. "अहो बाई! बघा तरी कुठं सांडली! इथं भूत दार उघडून आत येतंय! म्हणजे पोरगं दचकलं, हात उडाला आणि वाटी पालथी! याला वाचणं म्हणतात! आणि तुमी त्याला मारलं?" बाई आल्या होत्या माफी मागायला, जाताना सरांनी त्यांच्याकडून पोराची माफी मागायचं कबूल करून घेतलं. आणि आमटीची कृतीही.

शिक्षकांना मात्र दयामाया नव्हती. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जाडजूड शब्दकोश वर्षभर घरी ठेवून परत केला. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, सरांनी तो उलटसुलट केला. "कव्हरला खोबरेल. मधोमध खोलगट. आतलं एक पान हललेलं न्हाय." मग सहकाऱ्यांकडे अत्यंत प्रेमाने बघत, "सर, झोप नीट लागते ना?"

वर्षाचा शेवट हा त्यांचा खरा हंगाम. "लोकांचा गड्डा जानेवारीत, माझा एप्रिलात," ते म्हणत. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा; तिथे जेवढी गर्दी, धूळ आणि हरवलेली पोरं असतात, तेवढी एप्रिलमध्ये ग्रंथालयात असायची. वर्गावर्गांतून पुस्तकं परत यायची. ती जुन्या सोलापुरी चादरींत गाठोडी बांधून महिबूबमामा गच्चीवर न्यायचे आणि उन्हात पसरायचे. आमच्या एप्रिलच्या उन्हात माणूस टिकत नाही, तर पुस्तकातली कसर काय टिकणार? गच्चीवर एवढी चांगली जागा बघून आमच्या दोन-तीन शिक्षिकाही कुरडया वाळत घालायच्या. इतिहास, भूगोल, कुरडया, चरित्रं असा सगळा फरशीभर पसारा. एका वर्षी महिबूबमामांनी संध्याकाळी घाईत सगळं एकत्र गोळा केलं आणि एका थोर पुरुषाच्या चरित्रातून जूनमध्ये कुरडई निघाली. सरांनी ती खाल्ली. "चरित्रापेक्षा कुरकुरीत," म्हणाले.

परत आलेल्या पुस्तकांतून काय काय निघायचं! मोरपीस, कंगवा, एसटीचा पास, फलंदाजाचं चित्र, एकदा तर अख्खी अर्धी कडक भाकरी. प्रेमपत्रंही निघायची. ती सर वाचत नसत, घडी तशीच ठेवत. पण ज्या पानांत ती होती, ती पानं वाचत आणि मान डोलावत. "जागा बरी निवडलीय. पोरगं वाया जाणार न्हाय."

आणि मग महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन, नंतर निकाल, आणि या दोहोंच्या मध्ये, पालक उन्हात घामाघूम होत असताना, सरांचा कार्यक्रम. वर्षातल्या सर्वांत मळक्या पुस्तकाचा सत्कार! मैदानावर खुर्ची मांडायची. तिच्यावर पुस्तक बसवायचं. त्याला टॉवेल पांघरायचा, वर टोपी ठेवायची, पुढे नारळ. आमच्याकडे सोयऱ्याला जो मान, तोच पुस्तकाला. मग ज्यांनी ते वाचून मळवलं, त्यांच्यापैकी कुणीतरी उभं राहून त्यातलं एक पान वाचायचं. जुने मुख्याध्यापक या प्रकाराकडे काणाडोळा करायचे. पोरं मात्र वर्षभर पैजा लावायची. मुद्दाम माती लावून आणलेलं पुस्तक सर पाच पावलांवरून ओळखायचे. "हा डाग वाचताना पडलेला न्हाय. हा पाडलेला हाय. जावा!" खोट्या डागाला त्यांच्या दरबारात जागा नव्हती.

हे मी अशासाठी सांगून ठेवतो, की पुढे जे झालं ते करताना त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा तुम्हाला अंदाज यावा.

जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जाधव मॅडम आल्या. बाई कर्तबगार. आल्या आल्या त्यांनी नळ दुरुस्त केले, मुलींची स्वच्छतागृहं चकचकीत केली, शिक्षकांना वेळेवर यायला लावलं. या शेवटच्या गोष्टीबद्दल आम्ही त्यांना अजून क्षमा केलेली नाही. एप्रिलच्या मध्यावर त्या ग्रंथालयात आल्या, आणि नाकाला रुमाल लावला.

"सर, या पुस्तकांना वास येतोय."

"मॅडम, तो वाचकांचा हाय."

मॅडम हसल्या नाहीत. भिंतीपलीकडे मी फळ्याकडे तोंड करून हसलो. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. डाग पडलेली, तेलकट, सुटी झालेली सर्व पुस्तकं निकालाआधी रद्दीत काढावीत. शनिवारी टेम्पो येईल. तपासणीला जाधव मॅडम, इंग्रजीच्या शाहीन मॅडम आणि मी. मी का, तर गणितवाला म्हणून गठ्ठे मोजायला.

आदेश वाचून सर खुर्चीत बसले ते उठेचनात. मधल्या सुट्टीत मी आणि शाहीन मॅडम त्यांच्याकडे गेलो. समोर आमटीवालं भुताचं पुस्तक उघडं पडलेलं होतं.

"ओ गणितवाले," ते म्हणाले, "ही सगळी गेली तर माझ्याकडं राहतंय काय? ते काचेचं कपाट! पोरं जूनमध्ये येऊन काय, त्याची आरती करणार?"

शाहीन मॅडम म्हणाल्या, "मॅडमना समजावून सांगा ना सर."

"सांगितलं की. त्या म्हणतात, नवीन आणू. कधी? बजेट आल्यावर. आणि बजेट कधी येणार, ते त्या भुताला विचारा." मग ते अचानक ताठ बसले. डोळ्यांत अशी काही चमक आली, की शाहीन मॅडमनी पर्स छातीशी धरली. "आदेशात लिवलंय, डाग पडलेली सर्व पुस्तकं. सर्व! बरोबर?"

"बरोबर."

"मग अध्यक्षांच्या कवितांवर डाग असले तर?"

बेत साधा होता. काळजाच्या कडेकपारी मळल्या, तर आदेशाप्रमाणे त्याही टेम्पोत जायला हव्यात. अध्यक्षांची पुस्तकं रद्दीत घालायची जाधव मॅडमची काय, कुणाचीच छाती नव्हती. मग आदेशच गुंडाळून ठेवावा लागणार. बाकीची पुस्तकं आपोआप वाचणार.

"पण सर," मी म्हटलं, "डाग तर खोटे असणार."

सर माझ्याकडे बघेचनात. "टेम्पो शनिवारी हाय," एवढंच म्हणाले.

गच्चीवर मी जे पाहिलं त्याला मी कार्यशाळाच म्हणेन. कवितांच्या प्रती ओळीने मांडलेल्या. वाटीत हळद, वाटीत गोडेतेल, एका कागदावर शेंगाचटणी. महिबूबमामा बाह्या सरसावून बसलेले.

"क्या सर, किताब कू हल्दी? शादी लगाना है क्या?"

"गप्प मामा. अंगठा उजव्या कोपऱ्यात. माणूस पान तिथनंच उलटतो. अय्यय्यो, चहाचा कप ठेवू नका कव्हरवर! सिनेमातल्यासारखं दिसतंय!"

वीस वर्षं खरे डाग पाहिलेला माणूस. त्यांचे खोटे डागही काय सुंदर पडत होते! सुरुवातीच्या पानांवर भरपूर, मग विरळ होत जाणारे. "तिसऱ्या-चौथ्या कवितेपुढं कोण टिकणार न्हाय," ते म्हणाले. "खरं दिसलं पाहिजे." इतक्यात मामांनी एका प्रतीच्या शेवटच्या पानावर तेलाची पाच बोटं उमटवली. सर किंचाळले, "ओ मामा! शेवटपर्यंत वाचलं म्हणून कोण तरी विश्वास ठेवंल का?"

"हो गया सर. अब क्या धोऊं?"

ती प्रत तशीच गठ्ठ्यात गेली, आणि गठ्ठा परत काचेच्या कपाटात.

शुक्रवारी तपासणी. आम्ही तिघं ग्रंथालयात शिरलो, तर मॅडमच्या मागून पांढरा शुभ्र सदरा, करकरीत चपला आणि अत्तराचा लोट. साक्षात आण्णासाहेब! ग्रंथालय कसं स्वच्छ होतंय हे दाखवायला मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सरांच्या चेहऱ्यावरची विभूतीसुद्धा उतरल्यासारखी दिसली.

आण्णासाहेब थेट काचेच्या कपाटाकडे गेले. कवी दुसरीकडे कुठे जाणार? त्यांनी एक प्रत काढली आणि उघडली. हळदीचा अंगठा. पान उलटलं. चटणी. दुसरी प्रत काढली. तेल. मॅडमचा हात रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी मनातल्या मनात उरलेल्या नोकरीची वर्षं मोजायला लागलो. मग त्यांनी ती तिसरी प्रत काढली, आणि बरोब्बर शेवटचं पान उघडलं.

"आईवरची कविता," आण्णासाहेब म्हणाले. "इथपर्यंत... इथपर्यंत आलं कुणीतरी." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "बिराजदार, मी आजवर शंभर सत्कार घेतले असतील. पण बायकोनंसुद्धा हे पुस्तक पुरतं वाचलेलं न्हाय. आणि हितं पोरं जेवताना वाचतायत हो!"

दाराशी उभ्या महिबूबमामांनी हात पाठीमागे लपवले.

"आण्णासाहेब," मॅडम सावरत म्हणाल्या, "आपण खराब पुस्तकं बदलून—"

"खराब? कोण म्हणतंय खराब? मॅडम, डाग पडलेलं एकसुद्धा पुस्तक या शाळेच्या बाहेर जाणार न्हाय. हे मी अध्यक्ष म्हणून सांगतोय. टेम्पो रद्द!"

जिंकलो! शाहीन मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय मारला. पण आण्णासाहेब अजून जायला तयार नव्हते. ते सरांजवळ गेले आणि लग्नाळू मुलासारखे लाजत म्हणाले, "ते तुमचं... मळक्या पुस्तकाचा सत्कार करता म्हणे? यंदा कुणाचा नंबर?"

त्या वर्षीचा नंबर कधीच ठरलेला होता. सायकल दुरुस्तीचं एक पुस्तक होतं, आणि नववीतल्या अंबिका नावाच्या मुलीने ते वाचत वाचत घरची सायकल उघडून पुन्हा जोडली होती. पानापानावर ग्रीस. सरांनी ते हुंगून दोन मिनिटं डोळे उघडले नव्हते. अंबिकाने वाचायचं पानही पाठ केलं होतं, चेन कशी चढवावी याचं.

सरांनी एकदा आण्णासाहेबांकडे पाहिलं. एकदा कोपऱ्यातल्या गाठोड्यांकडे, ज्यांना अजून टेम्पो कधीही लागू शकत होता. आणि म्हणाले, "तुमचाच की, आण्णासाहेब."

महाराष्ट्र दिनाला खुर्चीवर 'काळजाच्या कडेकपारी' बसली. टॉवेल, टोपी, नारळ. शेवटची कविता स्वतः आण्णासाहेबांनीच म्हटली, आणि हो, पुन्हा रडले. पालकांनी टाळ्या वाजवल्या; निकाल लवकर मिळावा म्हणून त्यांनी कशालाही वाजवल्या असत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बिराजदार सर स्वतःच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभे होते, मुलांच्याही मागे.

पांगापांग झाल्यावर अंबिका त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रागावली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"सर, ते कवितेचं पुस्तक कुणी वाचलं?"

"वाचलं असंल की कुणीतरी."

"मग आज त्याला का न्हाय बोलावलं वाचायला?"

सरांनी पुस्तकावरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा घातली. अंबिका सायकलवर टांग टाकून गेली.

मेच्या मधल्या आठवड्यात मी निकालपत्रकाच्या कामाला शाळेत गेलो होतो. सगळं बंद, कॉरिडॉरमध्ये पाय भाजत होते. ग्रंथालयाचं दार मात्र उघडं. आत पंखा गरगरत होता, महिबूबमामा बाकावर आडवे झाले होते आणि सर टेबलाशी वाकून मोठमोठ्याने वाचत होते. प्रत्येक ओळीनंतर कपाळ असं आक्रसायचे, की विभूतीचे पट्टे एकमेकांना भिडायचे.

"...'चंद्रा रे चंद्रा, तू इतका का गोल?'" ते थांबले. "शिव शिव शिव."

"सर," मामा डोळे न उघडता म्हणाले, "बस करो ना. मेरे कू चक्कर आ रा."

मी दारातूनच विचारलं, "काय हे सर? सुट्टीत स्वतःला शिक्षा?"

त्यांनी पुस्तक उंच केलं. कवितांची कोरी प्रत. काचेच्या कपाटातली, हळद न लागलेली. पुस्तकाच्या आतल्या पाकिटातल्या वाचकांच्या कार्डावर पहिलंच नाव लिहिलेलं होतं. बिराजदार.

"कितवी कविता?"

"निम्म्यात आलोय. लई वाईट हाय हो. वाईट म्हणजे किती, एवढं वाईट लिहायला सुद्धा कष्ट लागतात. मधेच एखादी ओळ बरी येते, तर राग येतोय, की आता हिला वाईट म्हणता येईना."

"मग सोडून द्या की. टेम्पोतून पुस्तकं वाचली. कुणाला काय कळणार आहे?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिन्ही भाषा एकदम येतील. पण ते अगदी साध्या आवाजात बोलले.

"भर मैदानात सत्कार केलाय त्याचा. एक तरी वाचक पाहिजे की त्याला."

आणि त्यांनी घामाने ओला झालेला अंगठा उजव्या कोपऱ्यावर टेकवून पान उलटलं.